पिछोलाकाठचे एकवीस दिवस

बँकेच्या नोकरीत रजा-प्रवास सवलत नावाची एक सोय असते. ३७ वर्षांच्या सेवेत मी ती एकदाही बुडू दिली नाही. प्रत्येक सहलीची स्वतंत्र फाइल माझ्या कपाटात आहे. तिच्यात तिकिटे, पावत्या आणि कोणत्या दिवशी किती स्थळे पाहून झाली याची यादी. १९८८ च्या फाइलवर ‘राजस्थान, नऊ दिवस’ असे लिहिले आहे. त्या नऊ दिवसांत उदयपूरच्या वाट्याला दीड दिवस आला होता. अहमदाबादहून मीटरगेजच्या गाडीत रात्रभर हेलकावे खात आम्ही सकाळी उतरलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चित्तोडच्या बसमध्ये बसलो. यादीत नऊ नावे आहेत आणि नवांच्याही पुढे बरोबरची खूण आहे. गणगौर घाटाच्या पायरीवर पत्नीने ‘जरा टेकू या का?’ असे विचारले होते, त्याची नोंद मात्र त्या फाइलमध्ये कोठेही नाही. मी तिला घड्याळ दाखवले होते.

गेल्या मार्गशीर्षात त्याच घाटावर मी एकवीस दिवस बसलो. या वेळी बरोबर पत्नी नव्हती. माझे थोरले बंधू होते.

येथे थोडी घरची हकिकत सांगणे भाग आहे. नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमची भुसार मालाची आडत. पणजोबा मारवाडातून लोटा-दोरी घेऊन आले, ही आपल्यापैकी पुष्कळांच्या घरची कथा आमच्याही घरची. १९७० साली वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा भाऊ कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मी बारा वर्षांचा. भाऊंनी पुस्तके बांधून माळ्यावर टाकली आणि ते गादीवर बसले. पुढे त्यांनी मला पुण्यास ठेवून बी.कॉम. केले, एम.कॉम. केले. १९८१ मध्ये मी बँकेत लागलो. त्यानंतर भाऊ उन्हातान्हात पोती मोजत राहिले आणि मी पंख्याखाली बसून इतरांच्या कर्जाचे कागद तपासत राहिलो. २०११ मध्ये माझ्या मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी रक्कम हवी होती, तेव्हा मी वाटणीचा विषय काढला. ताळेबंद मीच तयार केला. मूल्यांकन करणारा माणूस पुण्याहून मीच आणला. भाऊंनी सर्व कागदांवर न वाचता सह्या केल्या. ना भांडण झाले, ना कोणी आवाज चढवला. त्यानंतर बारा वर्षे संवत्सरीच्या दिवशी आमचा फोन वेळेवर होत असे. ‘मिच्छामि दुक्कडम्.’ ‘मिच्छामि दुक्कडम्.’ ‘तब्येत?’ ‘बरी.’ एक मिनिटही लागत नसे.

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. पुतण्या पुण्यात संगणकाच्या नोकरीत असल्याने आडत पुढे चालवणारे कोणी नव्हते. भाऊंनी एका ३१ मार्चला दुकान बंद केले. मग छातीत दुखले आणि दोन स्टेंट बसले. एके दिवशी पुतण्याचा फोन आला, “काका, पप्पा दिवसभर खुर्चीत बसून दाराकडे पाहत असतात. डॉक्टर हवापालट सांगतात. तुम्ही न्याल का कुठे?” माझी पत्नी मुलीच्या बाळंतपणासाठी बंगळूरला जाणार होती. मी हो म्हणालो. भाऊ येतील असे मला वाटले नव्हते. ते आले.

यात्रा कंपनीची गाडी, रोज नवे गाव, पहाटे पाचला चहा, हे त्यांच्या प्रकृतीला झेपणारे नव्हते. एकाच गावी राहायचे, तर ते गाव कोणते, याचा विचार करताना १९८८ ची फाइल हाताशी आली. जुन्या उदयपुरात चांदपोलजवळ एका वृद्ध विधवा बाईंच्या घरातील वरच्या दोन खोल्या महिन्याच्या बोलीवर मिळाल्या. कांदा-लसूण नसलेले जेवण, उकळलेले पाणी आणि सूर्यास्ताच्या आत संध्याकाळचे ताट, या तीन गोष्टी त्यांनी न सांगता कबूल केल्या. खिडकीतून तळे दिसत असे. मुंबईहून रात्रभराच्या प्रवासानंतर आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा भाऊंनी खिडकी उघडून पाहिले आणि पहिला प्रश्न केला, “भाडं किती ठरलं?”

पहिले तीन दिवस मी माझ्या जुन्या सवयीने वागलो. राजवाडा, जगदीश मंदिर, बागोरची हवेली, सहेलियों की बाडी, जगमंदिर. जगदीश मंदिराच्या बत्तीस पायऱ्या भाऊंनी चार ठिकाणी थांबून चढल्या. १६५१ मध्ये महाराणा जगतसिंह पहिले यांनी बांधलेल्या त्या मंदिराच्या भिंतीवरील हत्तींच्या रांगा पाहण्यापेक्षा धाप ओसरण्यातच त्यांचे लक्ष होते. जगमंदिरात बापाविरुद्ध बंड केलेला शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, आश्रयाला राहिला होता, हे मी त्यांना ऐकवले. “हं,” ते म्हणाले. चौथ्या दिवशी सकाळी मी यादी काढली, तर तिच्यात काही उरले नव्हते. अठरा दिवस शिल्लक होते.

त्या सकाळची अस्वस्थता मला अजून आठवते. दोन म्हातारे एका खोलीत समोरासमोर बसलेले, वर्तमानपत्र वाचून झालेले, पाहण्यासारखे संपलेले. भाऊ म्हणाले, “आता?” खरे सांगायचे तर मला परत जावेसे वाटले. स्थळे पाहत फिरताना सोबतीच्या माणसाशी बोलावे लागत नाही, हा सहलींचा मोठा उपयोग मला त्या दिवशी कळला.

मग हळूहळू दिवसाला आपोआप आकार आला. सकाळी सामायिक आटोपून खाली उतरायचे, चांदपोलच्या बाजूने पादचारी पूल ओलांडून पलीकडच्या हनुमान घाटावर जायचे. तेथे बायका कपडे धूत असत, पाणकावळे पंख पसरून खांबांवर बसलेले असत आणि पूर्वेकडे राजवाड्याच्या मागून ऊन हळूहळू पाण्यावर उतरत असे. दुपारी विश्रांती. साडेचारला जेवण, कारण मार्गशीर्षात सूर्य पावणेसहाच्या सुमारास डोंगराआड जातो. जेवून पुन्हा घाट. पश्चिमेकडे अरवलीच्या रांगा एकामागे एक फिकट होत जातात आणि समोरच्या काठावर राजवाड्याच्या लांबच लांब भिंतीवर शेवटचे ऊन पडते. इतर प्रवासी त्या वेळी गच्चीवरच्या हॉटेलांत जागा मिळवण्याच्या घाईत असतात. आम्ही जेवून निवांत झालेले असू. चौविहाराचा असाही एक लाभ आहे, हे मी घरी आल्यावर मुलांना सांगितले. त्यांनी हसून विषय बदलला.

गाव सगळेच रम्य आहे असे नाही. चांदपोलच्या गल्लीत समोरून दोन दुचाकी आल्या की माणसाने भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. तळ्याच्या काही कोपऱ्यांत पाण्याला वास येतो. आणि लग्ने! बेटावरच्या महालांतून आणि काठावरच्या हॉटेलांतून रात्री अकरापर्यंत ढोल, आकाशात फटाके. आपल्या समाजातील कित्येकांनी येथे लग्ने केली आहेत. दोन निमंत्रणपत्रिका माझ्याकडेही आल्या होत्या. एका रात्री आतषबाजी संपेचना तेव्हा भाऊ अंथरुणावर उठून बसले आणि किती मिनिटे झाली ते मोजू लागले. “पोत्याला किती सुटले असतील हे पैसे,” असे ते पुटपुटले, तेव्हा मी अंधारात हसलो. बहुधा त्यांनाही ते ऐकू गेले.

या तळ्याची एक गोष्ट भाऊंना फार आवडली. पिछोला महाराण्यांनी बांधले नाही. उदयसिंहांनी १५५९ मध्ये राजधानी वसवली त्याच्या दीडेक शतक आधी, महाराणा लाखांच्या काळात, धान्याची ने-आण करणाऱ्या एका बंजाऱ्याने येथे पहिला बांध घातला अशी परंपरा आहे. बैलांचा तांडा ओढ्यातून पार नेता यावा एवढाच त्याचा हेतू. जवळच्या पिछोली गावावरून तळ्याला नाव पडले. पुढे राण्यांनी बांध वाढवला, काठावर महाल उठवले. भाऊ तीन-चार वेळा मला म्हणाले, “म्हणजे आडतवाल्याचंच काम म्हणायचं.” पाण्याचा प्रवासही त्यांनी नावाड्यांकडून विचारून घेतला. सिसारमा नदी पिछोल्यात येते. ते भरले की पाणी स्वरूपसागराकडे सरकते, तेथून फतहसागराकडे. जास्तीचे पाणी आयड नदीतून उदयसागरात, पुढे बेडच, बनास, चंबळ, यमुना अशा मजला करत गंगेला मिळते. उदयपूरचा पाऊस बंगालच्या उपसागरात जातो हे मला एम.कॉम. होऊन ठाऊक नव्हते.

नावाड्यानेच नटणीच्या चबुतऱ्याची कथा सांगितली. तळ्यात एक छोटासा चौथरा आहे. एका महाराण्याने एका नटणीला पैज लावली की दोरावरून तळे पार केलेस तर अर्धे मेवाड तुझे. ती चालत चालत काठाशी आली तेव्हा दरबाऱ्यांनी दोर कापला. मरताना तिने शाप दिला म्हणून राजघराण्यात पुन्हापुन्हा दत्तक घ्यावे लागले, असे लोक मानतात. मी ही कथा दंतकथा म्हणून ऐकली. भाऊ चौथऱ्याकडे पाहत म्हणाले, “अर्धं कबूल केलं होतं ना? मग द्यायला पाहिजे होतं.” त्यांच्या मनात काही नसावे. माझ्या मनात मात्र अर्धे हा शब्द दिवसभर फिरत राहिला. मला तर अर्धे मिळाले होते, पैशासकट.

आठव्या दिवशी भाऊ दुपारी झोपले नाहीत. “मी जरा धान मंडीत जाऊन येतो,” म्हणाले. घंटाघराच्या पलीकडे जुन्या शहरात धान मंडी नावाचा भाग आहे, हे त्यांनी कधी आणि कोणाकडून काढले, मला माहीत नाही. मीही निघालो. तेथे गेल्यावर त्यांची चालच बदलली. एका दुकानापुढे उघड्या पोत्यातून त्यांनी मूठभर मका घेतला, तळहातावर पसरला, एक दाणा दाताखाली धरला आणि आत बसलेल्या गृहस्थांना मारवाडीत ओलाव्याविषयी काही विचारले. त्यांच्या मारवाडीत निम्मे मराठी शब्द ऐकून त्या व्यापाऱ्याला हसू आले. पाच मिनिटांत भाऊ गादीवर, लोडाला टेकून. पाऊण वर्षात मी त्यांना असे बसलेले पाहिले नव्हते. नाही, चुकलो, बारा वर्षांत पाहिले नव्हते.

दोघांचे बोलणे सुरू झाले. माल कोठून येतो, हमाली काय पडते, बाजार समितीचे नियम, मुले या धंद्यात का राहत नाहीत. मी एका बाजूस बसून चहा पीत होतो. व्यापाऱ्याने सहज विचारले, “गोदाम केवढं होतं?”

“दोन होती,” भाऊ म्हणाले. “स्टेशनजवळचं मोठं. ते विकलं अकरा साली. मग छोट्यात काम भागवलं. मोठा माल धरता आला नाही पुढे.”

एवढेच. लगेच ते तुरीवर बोलू लागले.

अकरा साली स्टेशनजवळचे गोदाम विकले, हे मला माहीत नव्हते. वाटणीच्या कागदात ते भाऊंच्या बाजूला लिहिले होते आणि मला रोख रक्कम मिळायची होती. रक्कम तीन महिन्यांत माझ्या खात्यावर जमा झाली. ती कोठून आली असे मी विचारले नाही. ज्याने आयुष्यभर कर्जदारांना परतफेडीचा स्रोत विचारला, त्याने आपल्याच भावाला तो विचारला नाही. मोठा माल धरता न येणे म्हणजे आडतीच्या धंद्यात काय, हे वाचकांपैकी अनेकांना माझ्यापेक्षा अधिक चांगले कळेल.

रात्री मी भाऊंना म्हणालो, “मला सांगायचं होतं तुम्ही. मी हप्त्याने घेतले असते.” ते म्हणाले, “तुला मुलाची फी भरायची तारीख होती.” मग मी जी चूक केली ती बँकेतल्या माणसानेच करावी अशी होती. मुलगा आता तिकडे चांगला कमावतो, गोदाम मोडावे लागल्याचा फरक मी व्याजासह भरून देतो, असे मी बोलून गेलो. आकडाही सांगितला; तो दुपारपासून डोक्यात मांडून ठेवला होता.

भाऊंनी दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी मी उठलो तेव्हा त्यांचे अंथरूण घडी करून ठेवलेले होते. हनुमान घाटावर ते नव्हते. दहा वाजले, अकरा वाजले. फोन खोलीतच उशीखाली राहिला होता आणि हृदयाच्या गोळ्यांची डबीही टेबलावर होती. मी लाल घाट, गणगौर घाट, जगदीश मंदिर, घंटाघर असा धावत सुटलो. ज्या गल्ल्यांतून आठवडाभर रमतगमत चाललो होतो, त्या त्या दिवशी संपेचनात. शेवटी धान मंडीत पोहोचलो. भाऊ कालच्या दुकानात मोठ्या काट्याजवळ उभे होते, हातात पेन्सिल, समोर वही. मला पाहून म्हणाले, “यांचा मुनीम आला नाही आज. तीन गाड्या माल आलाय.” आणि पुन्हा वहीत पाहू लागले. मी गोळी आणि पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी गोळी घेतली. माझ्याशी त्या दिवशी आणखी काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही.

मला पुष्कळदा वाटते, आम्ही तीन दिवसांच्या सहलीवर असतो तर हकिकत येथेच संपली असती. दोघे अबोलच गाडीत बसलो असतो आणि पुढच्या संवत्सरीला पुन्हा एका मिनिटाचा फोन झाला असता. परंतु घरभाडे महिन्याचे दिलेले होते आणि परतीच्या तिकिटाला अकरा दिवस होते. राग धरून बसायलाही त्या गावात मोकळा वेळ होता. तळे तेच, घाट तोच. तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ माझ्यापासून तीन पायऱ्या सोडून बसले. चौथ्या दिवशी एकाच पायरीवर.

त्या चौथ्या संध्याकाळी ते आपण होऊन बोलले. “पैशाचं तू पुन्हा काढू नकोस,” ते म्हणाले. “तुझ्या शिक्षणाला जे लागलं ते मी केलं. तू आता भरून दिलंस, की ते सगळं उधारीवर दिल्यासारखं होईल. मी उधारी दिली नव्हती.”

मी गप्प राहिलो. बऱ्याच वेळाने ते पुढे म्हणाले, “मला गोदामाचं काही वाटलं नाही. तू तो माणूस आणलास ना मोजदादीला, त्याने बाबूजींची गादी आणि ते लाकडी डेस्क, जुनं फर्निचर म्हणून लिहिलं. किंमत निरंक. आणि खाली तुझी सही.”

ती ओळ मला आठवली. हिशेबाच्या नियमाने ती बरोबरच होती. चाळीस वर्षांच्या लाकडी सामानाला पुस्तकी किंमत उरत नाही. मी अशा शेकडो याद्यांवर सह्या केल्या आहेत. त्या डेस्कवर वडिलांनी मला पाढे शिकवले होते, आणि झटका आल्यानंतर डाव्या हाताने सही गिरवण्याचा प्रयत्न त्यांनी त्यावरच केला होता. मी भाऊंना म्हणालो, “चूक झाली माझी.” संवत्सरीचे ठरलेले शब्द मला त्या वेळी सुचले नाहीत, हे नमूद करतो. भाऊ म्हणाले, “डेस्क घरी आहे. मी विकलं नाही.” अंधार पडला होता. पलीकडच्या काठावर एका वरातीची तयारी चालली होती. आम्ही उठलो.

पुढचे दिवस भराभर गेले. राणकपूरला एक दिवस जाऊन आलो. धरणाशहा, शिल्पी देपा आणि १४४४ खांबांच्या त्या मंदिराविषयी आपल्या अंकांतून इतके लिहिले गेले आहे की मी भर घालत नाही. एवढेच सांगतो की भाऊ दोन तास एका खांबाला टेकून बसले होते आणि मी त्यांना उठवले नाही. आयडला चालत गेलो. येथेच आचार्य जगच्चंद्रसूरींना त्यांच्या कठोर तपामुळे मेवाडच्या जैत्रसिंहांनी ‘तपा’ हे बिरुद दिले आणि त्यावरून तपागच्छ हे नाव पडले अशी परंपरा आहे. ते साल इसवी सन १२२८. आज आजूबाजूला वाहनांची दुरुस्ती, टायरची दुकाने, आणि मध्ये जुनी देवळे.

एके सकाळी फतहसागराच्या काठावरील मोती मगरीवर गेलो. चेतकावर बसलेल्या महाराणा प्रतापांच्या पुतळ्याजवळ भामाशहांचाही पुतळा आहे. शाळेतल्या मुलांची एक सहल आली होती आणि शिक्षक मुलांना भामाशहांनी आपले धन प्रतापांच्या पायाशी कसे ठेवले ते सांगत होते. भामाशहांना ताराचंद नावाचा भाऊ होता. तोही प्रतापांच्या बाजूने लढला आणि गोडवाडात सादडीचा कारभार त्याच्याकडे होता. मी हे भाऊंना सांगितले आणि म्हणालो, “ताराचंदाचं नाव कोणी घेत नाही.” भाऊंनी थोडा विचार केला. “त्याचा पुतळा नसला तरी काय,” ते म्हणाले, “भामाशहाला माहीत असेल ना.” आणि खाली उतरताना, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, त्यांनी माझा खांदा धरला. उतार होता, हे खरे.

शेवटच्या तीन-चार दुपारी भाऊ धान मंडीतच असत. मुनीम परत आला होता, तरीही. मी घाटावर वाचत बसे. जाण्याच्या आदल्या दिवशी मी पत्नीला फोन लावला आणि पायरीचा आवाज ऐकवला, म्हणजे धुण्याचा आणि कबुतरांचा. ती म्हणाली, “कोणता घाट हा?” मी सांगितले. “अच्छा,” ती म्हणाली, “तिथे आपण बसलो नव्हतो.” पुढच्या कार्तिकीनंतर तिला घेऊन जाण्याचे ठरवले आहे. त्याच खोल्यांसाठी बाईंकडे बोलून ठेवले आहे. दिवस किती, ते मी लिहून घेऊ दिले नाही.

निघताना धान मंडीच्या त्या व्यापाऱ्याने मेवाडचा पांढरा मका पिशवी भरून दिला. भाऊ पैसे काढू लागले. त्यांनी घेतले नाहीत. दोघांत बराच वेळ ओढाताण झाली आणि भाऊ हरले. पुण्याला बसस्थानकावर नगरच्या गाडीला वेळ होता, तेव्हा भाऊंनी तो मका वाटायला घेतला. जवळ वजनकाटा नव्हता. बाकावर दोन पिशव्या उघडून त्यांनी ओंजळीने भरल्या, मग एकेका हातात एकेक पिशवी धरून क्षणभर तोलून पाहिल्या आणि जड होती ती माझ्याकडे सरकवली.